छत्रीखालचा उजेड कोण मोजतो? कोडोलीतून पाहिलेला स्टुडिओ फ्लॅशचा इतिहास

माझ्या पीएचडीचा विषय आहे पन्हाळा तालुक्यातले आणि आसपासचे फोटो स्टुडिओ. त्यातला एकेक तुकडा मी इथे सोप्या भाषेत मांडत असते. आजचा तुकडा थोडा तांत्रिक आहे, पण शाळेतला गुणाकार-भागाकार येत असेल तर तुम्हाला तो नक्की समजेल. कॅमेरा कधी हातात धरला नसला तरी चालेल. स्टुडिओतल्या स्टुलावर तर तुम्ही कधी ना कधी बसलाच असाल.

आठवून बघा. मागे निळा किंवा लाल पडदा, दोन बाजूंना दोन पांढऱ्या छत्र्या, "हनुवटी जरा खाली, इकडे बघा" आणि मग लख्ख उजेड. सगळा कारभार सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो. माझा प्रश्न त्या उजेडाबद्दल आहे. तो किती पडायचा हे कोण ठरवतं? फोटोग्राफर, दिवा की कॅमेरा?

आज कोडोलीच्या बाजारपेठेतला एखादा तरुण फोटोग्राफर कॅमेऱ्यावर छोटा ट्रिगर बसवतो आणि जागेवरून न हलता समोरच्या तिन्ही दिव्यांची ताकद कमी-जास्त करतो. वाटलं तर मोजमापही कॅमेऱ्यावरच सोडतो. याच गावात मागच्या पिढीतला फोटोग्राफर हेच काम तोंडी हिशोबाने आणि दिव्यापर्यंत चार पावलं चालून करत होता. या दोघांच्या मधली गोष्ट 'तंत्रज्ञान पुढे गेलं' एवढ्या वाक्यात संपवली जाते. माझं म्हणणं असं की उजेडाचा हिशोब आधी खोलीकडे होता, मग माणसाकडे आला, मग दिव्याकडे आणि शेवटी कॅमेऱ्याकडे गेला. प्रत्येक वेळी तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कुणाची तरी गरज संपली आणि कुणाची तरी नव्याने निर्माण झाली. स्टुडिओचा इतिहास लिहायचा तर ही हातबदली नोंदवावी लागते.

खोलीच दिवा होती तेव्हा

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी आपली माणसं या कलेत उतरली. तेव्हा दिवा नव्हताच. उजेड म्हणजे सूर्य. स्टुडिओ वरच्या मजल्यावर असे, छताला किंवा भिंतीला मोठी काच असे आणि काचेखाली पडदे. पडदा ओढला की उजेड कमी, सारला की जास्त. उजेडावरचा ताबा म्हणजे दोरीवरचा ताबा. ढग आले की धंदा थांबला. कोल्हापूरकडच्या आषाढ-श्रावणात काय होत असेल याची कल्पना तुम्ही करू शकता.

सिनेमाचंही तेच. मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये कुस्तीचं चित्रीकरण केलं ते उघड्यावर, उन्हात. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि विष्णुपंत दामले यांच्यासारख्या शिष्यांच्या हातांनी कॅमेरा इथेच घडवला. त्या काळचा सिनेमाचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. हात हळू फिरला की प्रत्येक चौकटीला जास्त वेळ उजेड मिळे, जलद फिरला की कमी. म्हणजे उजेडाचं माप अक्षरशः मनगटात होतं. बाबूरावांनी १९२३ च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्यं टिपली. उन्हाशिवाय चित्र घेता येतं, हे कोल्हापूरच्या कारागिरांनी तेव्हाच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

या गोष्टीचं महत्त्व असं की प्रकाशाचं तंत्र आपल्याकडे फक्त पुस्तकातून आलं नाही. लेथ चालवणारी, पडदे रंगवणारी, वायरी जोडणारी माणसं त्यात पहिल्यापासून होती.

कॅमेऱ्याला पत्ता नसलेला उजेड

१८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची पूड आणि पोटॅशियम क्लोरेट यांचं मिश्रण फोटोसाठी वापरात आणलं. ठिणगी पडली की भक्कन उजेड, पाठोपाठ पांढरा धूर. पद्धत सोपी होती. खोलीत अंधार करायचा, कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवायचं, पूड पेटवायची, झाकण लावायचं. उजेड किती होईल हे पूड किती घेतली यावर ठरे. कॅमेऱ्याला त्यातलं काहीच कळत नसे, तो नुसता डोळा उघडून बसलेला असे.

मग आला काचेचा बल्ब. १९२९-३० च्या सुमारास जर्मनीत आणि पाठोपाठ इंग्लंड-अमेरिकेत तो विकायला आला. आत धातूचा अतिपातळ पत्रा किंवा तार आणि प्राणवायू. एक फोटो, एक बल्ब. धूर गेला, भाजण्याची भीती कमी झाली. आणि उजेड आता विजेवर पेटत असल्यामुळे एक नवी गोष्ट शक्य झाली: कॅमेऱ्याच्या शटरनेच दिव्याला इशारा द्यायचा. १९३५ च्या सुमारास जर्मनीच्या एक्झाक्टा कॅमेऱ्यात फ्लॅशची वायर थेट बसवायची सोय आली. कॅमेरा आणि दिवा यांचं पहिलं बोलणं ते इथे.

हे बोलणं किती साधं होतं बघा. वायरीतून एकच शब्द जायचा: "आत्ता!" किती, कुठे, कुणावर, यातलं काही नाही. हा एक शब्द पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं स्टुडिओत पुरला.

"आत्ता" म्हणजे नेमकं कधी?

एका शब्दाचं बोलणं असलं तरी वेळ जुळवणं सोपं नव्हतं. बल्ब पेटायला वेळ लागतो. वीज मिळाल्यापासून पूर्ण उजेड पडेपर्यंत साधारण २० मिलीसेकंद जातात. म्हणून कॅमेऱ्याला आधी बल्बला इशारा देऊन थोडं थांबून शटर उघडावं लागे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचं उलटं. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास झेनॉनसारखा वायू भरलेल्या नळीतून साठवलेली वीज सोडून क्षणिक उजेड काढायचं तंत्र विकसित केलं. तो इशारा मिळताच पेटतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून लवकर विझतो. त्यामुळे शटर आधी पूर्ण उघडलेलं असायला हवं. जुन्या कॅमेऱ्यांवर एम आणि एक्स अशी दोन अक्षरं दिसतात ती याचसाठी: एम बल्बसाठी, एक्स इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी.

आणखी एक अडचण पडद्याच्या शटरची. ३५ मिलीमीटरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फिल्मसमोर दोन पडदे धावतात. वेग वाढवला की पहिला पडदा पूर्ण सरकायच्या आतच दुसरा मागून निघतो आणि मध्ये फक्त एक फट उरते. अशा वेळी फ्लॅश पडला तर फोटोचा एक पट्टा उजळ आणि बाकीचा काळा. म्हणून पेंटॅक्स के १००० सारख्या कॅमेऱ्यात फ्लॅशसाठी वेग १/६० वरच ठेवावा लागे. भिंगातच पाकळ्यांचं शटर असलेल्या यॅशिकाच्या दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यांना हा त्रास नव्हता. त्यांच्यात कुठल्याही वेगाला फ्लॅश जुळायचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो देणारे हे कॅमेरे आपल्याकडच्या लग्नात इतकी वर्षं का टिकले, त्याच्या कारणांत हेही एक धरा.

पाठ केलेलं गणित

फ्लॅशने उजेडाचा हिशोब माणसाच्या डोक्यात आणला. तो हिशोब म्हणजे गाईड नंबर. फ्लॅशच्या पाठीवर तक्ता छापलेला असे, पण खरं सूत्र एका ओळीचं आहे: गाईड नंबर भागिले अंतर म्हणजे अपर्चर.

समजा फ्लॅशचा गाईड नंबर ३२ आहे, १०० च्या फिल्मसाठी, मीटरमध्ये. नवरानवरी ४ मीटरवर उभे आहेत. ३२ भागिले ४ म्हणजे ८. अपर्चर ८ वर ठेवायचं. दोन पावलं पुढे जाऊन अंतर २ मीटर झालं? मग ३२ भागिले २, म्हणजे १६. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून भोक तेवढं बारीक करायचं.

आता हेच लग्नाच्या स्टेजवर करून बघा. पुढची रांग ३ मीटरवर, मागे उभे असलेले मामा-काका साडेचार मीटरवर. अंतर दीडपट, म्हणजे मागच्यांना उजेड निम्म्याहूनही कमी. पुढच्यांना बरोबर धरलं तर मागचे काळवंडणार, मागच्यांना धरलं तर पुढच्या रांगेचे चेहरे जळणार. यावर फोटोग्राफरने शोधलेला उपाय तुम्ही पाहिलेला आहे, पण त्याकडे बहुधा या नजरेने पाहिलं नसेल: एक पोऱ्या लांब दांड्यावर दुसरा फ्लॅश घेऊन बाजूला उंच उभा असायचा. तो पोऱ्या म्हणजे त्या काळची प्रकाशयंत्रणा. त्याला "वर कर", "मागं सर", "खाली बघतोयस काय" असं ऐकत ऐकत अंतराचं गणित अंगात मुरायचं. गावोगावच्या स्टुडिओंत असेच पोऱ्ये शिकून पुढे स्वतःचे स्टुडिओ टाकत. शिक्षणाचा हा एक पूर्ण मार्ग होता आणि त्याची कुठलीच शाळा नव्हती.

स्टुडिओच्या आत गणित थोडं निराळं होतं. छत्रीतून परतलेला उजेड थेट उजेडापेक्षा दीड-दोन स्टॉप कमी पडतो, त्यामुळे गाईड नंबर उपयोगाचा राहत नाही. पण स्टूल हलत नाही आणि छत्रीही हलत नाही. एकदा फ्लॅश मीटर चेहऱ्याजवळ धरून माप घेतलं किंवा दोन-तीन रोल खर्चून अंदाज बसवला की वर्षभर तोच आकडा चालतो. स्टुडिओच्या फरशीवर रंगाने किंवा चिकटपट्टीने केलेल्या खुणा असतात ना, ते असंच गोठवलेलं गणित असतं.

फक्त एका गोष्टीने ते बिघडायचं: वीज. फ्लॅशमध्ये साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दिव्यात आतून व्होल्टेज स्थिर ठेवायची सोय नसेल आणि २३० व्होल्टच्या जागी १८० आले, तर ऊर्जा उरते सुमारे ६१ टक्के. म्हणजे ठरलेल्या आकड्यावर काढलेला फोटो जवळजवळ पाऊण स्टॉप काळा. १९५० च्या दशकाच्या शेवटी वारणा साखर कारखाना उभा राहिला, शेजारी वारणानगर वसलं, शाळा-कॉलेजं आली, कागदपत्रं वाढली आणि फोटोची गरजही वाढली. पण खेड्यातली वीज संध्याकाळी, म्हणजे नेमकी गिऱ्हाइकाच्या वेळेला, ओढाताणीची असायची. फ्लॅश चार्ज होताना येणारी ती बारीक शिट्टी किती वेळ चालते यावरून लाइन कशी आहे हे ओळखायचं आणि अपर्चर थोडं उघडायचं. हे कुठल्याही माहितीपुस्तकात लिहिलेलं सापडत नाही.

दिवा शहाणा झाला, मग कॅमेरा

१९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत हनीवेल कंपनीने असा फ्लॅश आणला की ज्याच्या अंगावरच एक छोटा डोळा होता. समोरून परत आलेला उजेड तो डोळा मोजायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडायचा. सुरुवातीला उरलेली ऊर्जा आतल्या आत वाया जायची. पुढे थायरिस्टर आला आणि ती वाचू लागली, सेलही जास्त टिकू लागले. हिशोब माणसाकडून दिव्याकडे गेला.

पण दिव्याचा डोळा कॅमेऱ्याच्या डोळ्याहून वेगळ्या जागी असतो. भिंगावर फिल्टर लावला, जवळचं काढलं, फ्लॅश दुसरीकडे वळवला, की दोघांचं बघणं जुळत नाही. यावर १९७५ मध्ये जपानच्या ऑलिंपसने ओएम-२ या कॅमेऱ्यात उपाय काढला: मोजणारा डोळा कॅमेऱ्याच्या पोटात. शटर उघडं असताना फिल्मवर पडून परतणारा उजेड तो तिथल्या तिथे मोजे आणि पुरे झाला की फ्लॅशला "बास" सांगे. भिंगातून आलेला उजेडच मोजायचा, म्हणून याला टीटीएल म्हणतात. वायरीतून आता दोन शब्द जाऊ लागले: "आत्ता" आणि "बास".

डिजिटल आल्यावर यात परत गडबड झाली. सेन्सरचा पृष्ठभाग फिल्मसारखा उजेड परतवत नाही. म्हणून फोटोच्या अगदी क्षणभर आधी एक हलका फ्लॅश मारायचा, त्याचा परतावा मोजायचा आणि मग खरा फ्लॅश ठरवायचा, ही पद्धत रूढ झाली. कॅननने ती १९९५ मध्ये फिल्म कॅमेऱ्यांतच आणली होती. निकॉनची आज चालणारी आय-टीटीएल पद्धत २००३ ची. वायरीतून आता शब्द नाही, अख्खी वाक्यं जात होती.

स्टुडिओ फ्लॅश मागे का राहिला?

इथे माझ्या अभ्यासातला मुख्य प्रश्न येतो. कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश १९७५ पासून कॅमेऱ्याचं ऐकत होता. स्टुडिओतले मोठे दिवे मात्र २०१० पर्यंत बहुतेक "आत्ता" एवढंच समजत होते. का?

पहिलं कारण वीज तोडण्याचं. थायरिस्टर एकदा चालू झाला की साध्या इशाऱ्याने बंद होत नाही, त्यासाठी वेगळी जोडणी लागते. छोट्या फ्लॅशमध्ये ती परवडते. स्टुडिओच्या दिव्यात शेकडो वॉट-सेकंद ऊर्जा एकदम सुटते, ती मध्येच तोडणं फार अवघड. म्हणून स्टुडिओच्या दिव्यांची ताकद व्होल्टेज कमी-जास्त करून आधीच ठरवली जाई. पुढे आयजीबीटी नावाचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर स्वस्त झाला तेव्हा हे बदललं.

दुसरं कारण भाषेचं. कॅननचा कॅमेरा एका बोलीत बोलतो, निकॉनचा दुसऱ्या, सोनीचा तिसऱ्या. कंपन्यांनी या बोली उघड केल्या नाहीत. दिवे बनवणाऱ्या कंपन्या निराळ्या. त्यांना सगळ्यांना समजेल असा एकच शब्द होता, तो जुना "आत्ता".

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: स्टुडिओला त्याची गरजच नव्हती. टीटीएल हे धावपळीचं तंत्र आहे, जिथे अंतर दर क्षणी बदलतं. स्टुडिओत काहीच हलत नाही. तिथे चेहऱ्याजवळ धरलेला मीटर पडणारा उजेड मोजतो, आणि तो कॅमेऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त भरवशाचा असतो. म्हणजे स्टुडिओवाले "जुन्या वळणाचे" म्हणून थांबले नव्हते. त्यांच्याजवळ त्यांच्या कामाला पुरेसं, उलट जास्त अचूक साधन होतं. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना उशिरा स्वीकारणाऱ्याला मागास ठरवायची आपल्याला सवय आहे. ती सवय इथे मोडते.

मधली जुगाडाची वर्षं

फिल्म ते डिजिटल या बदलाची वर्षं स्टुडिओंना कठीण गेली. पैशाच्या अडचणी सर्वांना माहीत आहेत, तांत्रिक अडचणी कमी माहीत आहेत. दोन सांगते.

एक, स्लेव्हची. एका दिव्याचा उजेड पाहून दुसरा दिवा आपोआप पेटवणारं छोटं यंत्र म्हणजे स्लेव्ह. वायरींचा गुंता टाळायला सगळीकडे वापरात होतं. पण डिजिटल कॅमेऱ्याचा फ्लॅश मोजण्यासाठी आधी जो हलका उजेड मारायचा, त्यालाच स्लेव्ह फसे. मोठे दिवे शटर उघडण्याआधीच पेटून मोकळे. डोळ्यांना लख्ख उजेड दिसतोय आणि फोटो मात्र काळा! शिवाय पहिल्या उजेडाला दचकून नवऱ्यामुलाचे डोळे मिटलेले. उपाय काय, तर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर आणायचा. म्हणजे कॅमेऱ्याचं नवं शहाणपण बंद करायचं आणि मगच जुने दिवे चालायचे.

दुसरी, जुन्या दिव्यांच्या वायरीची. काही जुन्या स्टुडिओ फ्लॅशच्या सिंक वायरीवर २०० व्होल्टच्या वर दाब असे. फिल्म कॅमेऱ्यातल्या धातूच्या पट्टीला त्याचं काही वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यातल्या नाजूक सर्किटला तो झेपत नसे, काही मॉडेलना ६ व्होल्टच्या वर चालायचं नाही. हजारो रुपयांचा नवा कॅमेरा एका वायरीने जायचा धोका. रेडिओ ट्रिगर इतक्या लवकर घराघरात पोचले त्यामागे सोयीइतकीच ही भीतीही होती. कॅमेरा आणि दिवा यांच्यातली तार तुटली ती अशी.

आणि तार तुटल्यावरच पुढचं दार उघडलं. रेडिओवरून "आत्ता" पाठवता येतं तर बाकीचंही पाठवता येईल. २०१३ मध्ये स्वीडनच्या प्रोफोटोने बी१ हा ५०० वॉट-सेकंदाचा, बॅटरीवर चालणारा, कॅमेऱ्याच्या टीटीएलचं ऐकणारा दिवा आणला. कोडोलीतल्या स्टुडिओला तो परवडणारा नव्हता. पण २०१६ च्या सुमारास चीनच्या गोडॉक्स कंपनीने त्याच धर्तीचे ६०० वॉट-सेकंदाचे दिवे कितीतरी कमी किमतीत काढले आणि मग हे तंत्र आपल्या तालुक्यांपर्यंत उतरलं. बॅटरी आतच असल्यामुळे लाइटचा प्रश्नही सुटला. शेतात, पन्हाळ्याच्या तटावर, वारणेच्या काठावर "स्टुडिओ" नेता येऊ लागला. प्री-वेडिंग शूट म्हणून जे चालतं त्याचा तांत्रिक पाया हा आहे.

बरोबर म्हणजे कुणासाठी बरोबर?

आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा मोजतो, दिवा ऐकतो, विषय संपला. इथेच खरी गंमत आहे.

कॅमेऱ्याला नवरी, नवरा, आजी हे काही कळत नाही. सगळ्या दृश्याची सरासरी काढली तर ती मध्यम करडी यावी, साधारण १८ टक्के उजेड परतवणाऱ्या करड्या कागदासारखी, असं गृहीत धरून तो चालतो. नव्या कॅमेऱ्यांत यावर पुष्कळ संस्कार झालेत, तरी मूळ तेच. आता समोर पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले आजोबा बसवा. कॅमेऱ्याला वाटतं, फारच उजेड झाला; तो फ्लॅश कमी करतो. सदरा करडा आणि आजोबांचा उन्हात रापलेला चेहरा आणखी काळा. उलट काळा कोट घातलेला नवरदेव आला की फ्लॅश वाढतो आणि चेहरा जळतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल उधळलेला असेल तर हवेतल्या कणांवरून उजेड परततो आणि कॅमेरा वेगळ्याच कारणाने फसतो.

म्हणून टीटीएल वापरणारा चांगला फोटोग्राफरसुद्धा सतत दुरुस्ती करत असतो: पांढऱ्याला एक स्टॉप जास्त, काळ्याला एक स्टॉप कमी. दिव्याकडे चालत जायचं थांबलं. डोक्यातला हिशोब मात्र थांबलेला नाही, फक्त प्रश्न बदलला. आधी प्रश्न होता, "किती लांब आहे?" आता प्रश्न आहे, "कॅमेऱ्याला इथे काय गैरसमज होईल?"

आणि चेहऱ्याच्या रंगाचा प्रश्न यंत्रापाशी थांबत नाही. रंगीत छपाईच्या काळात कोडॅकने प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी नमुना-छायाचित्रं पाठवली, ती 'शर्ली' या नावाने ओळखली जातात. त्यांवर अनेक वर्षं गोऱ्या स्त्रीचा चेहरा होता. 'बरोबर त्वचा' कशी दिसते याचं माप तिथून ठरत होतं. आपल्याकडे त्यात स्थळाच्या फोटोची भर पडली. मुलीचा बायोडाटाचा फोटो "जरा उजळ" काढा, ही मागणी स्टुडिओवाल्यांना नवी नाही. ती पुरी कशी व्हायची? मुद्दाम अर्धा-एक स्टॉप जास्त फ्लॅश देऊन, दोन्ही छत्र्या समोर आणून सावल्या पुसून. म्हणजे जे मीटर म्हणेल ते 'बरोबर', आणि जे गिऱ्हाईक मागेल ते 'चांगलं'. या दोन आकड्यांतलं अंतर मोजलं तर आपल्या समाजाचं एक माप हाती लागतं. फ्लॅशवरचं ते +१ नुसतं तांत्रिक नाही, त्यात एखाद्या मुलीला तिच्या स्वतःच्या रंगात दाखवायला घाबरणारं अख्खं घर आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. सावळ्या, रापलेल्या चेहऱ्यांना त्यांच्याच रंगात, खोलीसकट, कसं टिपायचं हे आपल्या गावातल्या चांगल्या स्टुडिओवाल्यांना येत होतं आणि येतं. एक छत्री चेहऱ्याजवळ बाजूला, दुसरी मागे सारलेली, अपर्चर मीटरपेक्षा थोडं उघडं. यंत्राच्या गृहीतकाविरुद्ध घेतलेला हा निर्णय आहे. तो घेणाऱ्या हाताला कुठलंही प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

मग इतिहासाने काय जपायचं?

संग्रहालयात कॅमेरे ठेवतात. फ्लॅश फारसा कुणी ठेवत नाही, कारण जुने कपॅसिटर धोक्याचे आणि दिसायलाही ते डबेच. सिंक वायर तर कचऱ्यातच जाते. पण तुम्ही इथवर वाचलंत तर लक्षात आलं असेल की उजेडाचा इतिहास कॅमेऱ्यात सापडत नाही. तो वायरीत, तक्त्यात, फरशीवरच्या खुणेत आणि पोऱ्याच्या हातात असतो. कॅमेऱ्याने हिशोब स्वतःकडे घेतल्यावर या सगळ्या वस्तू एकदम निकामी झाल्या, म्हणून त्या झपाट्याने नाहीशा होतायत. नव्या यंत्राचा आकडा फाइलमध्ये आपोआप नोंदला जातो. जुन्याचा आकडा माणसाबरोबर जातो.

दुसरं नुकसान शिकण्याच्या वाटेचं. दांडा धरणारा पोऱ्या आता बऱ्याच ठिकाणी लागत नाही. तीन दिवे एका ट्रिगरवर चालतात. नवशिका आज व्हिडिओ बघून शिकतो आणि पुष्कळदा चांगलं शिकतो, हे मी नाकारत नाही. पण ज्या मुलाकडे स्वतःचा कॅमेरा घ्यायला पैसे नव्हते, त्याला हातात दांडा धरून या धंद्यात शिरता येत होतं. ते दार अरुंद झालंय. माझ्या प्रबंधातलं पुढचं प्रकरण याच पोऱ्यांवर आहे.

तोवर तुमच्याकडून एक मागणं. तुमच्या घरात, नात्यात, गल्लीत कुणाचा जुना स्टुडिओ असेल, तर सामान भंगारात घालण्याआधी तीन गोष्टी बघा: फ्लॅशच्या पाठीवरचा तक्ता आणि त्यावर पेनने केलेल्या दुरुस्त्या, रोलच्या हिशोबाची वही, आणि फरशीवरच्या खुणा. खुणांचा फोटो काढा, स्टुलापासून छत्रीपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. कपॅसिटरला मात्र हात लावू नका, बंद फ्लॅशमध्येही वीज साठून राहिलेली असू शकते. आणि स्टुडिओचे मालक असतील तर त्यांना एवढंच विचारा की पांढऱ्या टोपीवाल्या आजोबांना ते किती अपर्चर देत होते. उत्तरात आकडा येईल, पण त्याच्या मागोमाग बाकीचंही सगळं येईल. ते लिहून घ्या.